पाठकोरी पत्रकं

"बोल, आज काय तीर मारलीस?"

हे वाक्य तुम्ही-आम्ही कुणाला म्हटलं तर तो टोमणा होतो. अक्का म्हणायची तेव्हा तो प्रश्न असायचा. डावा हात कमरेवर, उजव्या हाताचं बोट समोरच्या बाईवर रोखलेलं, आणि उत्तर मिळेपर्यंत ते बोट खाली यायचं नाही. बाई पदराचं टोक चघळत "काही नाही अक्का" म्हणाली की अक्का म्हणायची, "काही नाही कसं? सकाळधरनं मेलेली होतीस का?"

अशी एखादी बाई तुमच्याही घरी पोळ्या करून गेली असेल. तुम्ही तिला ताई-मावशी म्हणत असाल आणि तिचं आडनाव तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्या अक्काला मराठी बायकाही अक्का म्हणायच्या आणि तेलुगू बायकाही, कारण हा शब्द दोन्हीकडे चालतो. माहेर नांदेडकडचं. लग्न होऊन हैदराबादला आली, नवरा स्टेशनात हमाली करायचा. तो गेला, अक्का राहिली, आणि तिच्या मराठीत दखनीही कायमची राहायला आली.

काचीगुडा स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, आमच्या घरकामगार संघटनेची खोली आहे. तिथे मी पत्रकं लिहिते, निवेदनं टाइप करते, मोर्चाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात बाकावर बसून राहते. अक्का सकाळी चार-पाच घरी स्वयंपाक उरकून तिथे यायची आणि माझी सभा ताब्यात घ्यायची. सभा गुरुवारी दुपारी. दुपारची भांडी आणि रात्रीचा स्वयंपाक यांच्यामधला तेवढाच वेळ बायकांचा असतो.

मी विषयपत्रिका करून आणायची. पहिला विषय: आठवड्याची सुट्टी. तो कधीच पहिला यायचा नाही. आधी प्रत्येक बाईनं आज आपण काय केलं ते सांगायचं. रोजचं काम सोडून काहीतरी, कितीही बारीक. ते कागदावर लिहायचं, खाली नाव, आणि खोलीत आडव्या बांधलेल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यानं लटकवायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं अक्का लिहायची, पण नाव त्यांनीच काढायचं. वाकडं का असेना. "तीर मारला तर नाव लिहा की. चोरी थोडीच केलाव?"

आणि कागद कुठले? माझी पत्रकं! जांबागेतल्या प्रेसमध्ये मी ती एका बाजूनं छापून घेते. 'आठवड्याची सुट्टी ही भीक नाही, हक्क आहे!' हे वाक्य ठळक अक्षरात तीन भाषांत. मागची बाजू कोरी.

"अक्का, ही वाटायला छापलीत."

"वाटून उरलीत ना?"

"उरलीत, कारण तू गठ्ठा काढून घेतलास."

"एक बाजू तुझी, एक बाजू आमची. भांडण कायकू?"

पंखा लागला की माझा हक्क फडफडत भिंतीकडे तोंड करायचा, आणि खोलीत यायचे ते बायकांचे तीर.

काय होते ते? सुनीता नावाची आमच्यातली सगळ्यांत तरुण बाई, तिचा होता: 'आज लिफ्टनं गेले. सामानाच्या नाही, माणसांच्या.' एकीचा होता: 'बसची पाटी वाचली, कुणाला न विचारता.' यादम्मानं एकदा सांगितलं की मालकिणीनं गाडीची पायपुसणी धुवायला दिली तेव्हा ती नाही म्हणाली. टाळ्या पडल्या. मग अक्कानं विचारलं, "कुठल्या भाषेत म्हटलीस?" यादम्मा म्हणाली, तेलुगूत. मालकीण मुंबईची. तिला एक अक्षर कळलं नव्हतं आणि यादम्मानं पायपुसणी धुतली होती. अक्कानं पत्रक मधोमध फाडलं. "अर्धा तीर. हिंदीत मार, मग बाकीचा अर्धा घे." यादम्मा ते अर्धं पत्रक बघून पोट धरून हसली. पुढच्या गुरुवारी उरलेला अर्धा कागद हक्कानं मागून घेतला.

मला या प्रकाराचा संताप यायचा, ते आधीच सांगून टाकते. एका दुपारी एक वयस्क बाई, जी कधी तोंड उघडायची नाही, ती हळूच म्हणाली, "आज मी चहा कपात मागितला. वेगळा ठेवलेला स्टीलचा ग्लास नको म्हणाले." अक्कानं तिला जवळ घेतलं, बायकांनी ओरडा केला. मी उठून उभी राहिले.

"हा तीर आहे? कपात चहा मिळणं ही कामगिरी आहे? वेगळा ग्लास ठेवला हा त्यांचा गुन्हा आहे! त्याची तक्रार करायची की टाळ्या वाजवायच्या? असल्या चिटोऱ्यांनी आपण बायकांना थोडक्यात समाधान मानायला शिकवतोय, अक्का. उद्या सुट्टी मागायचं विसरतील."

"हौ, गुन्हा आहे," अक्का म्हणाली. "पर आजवर तो गुन्हा हिच्या तोंडातनं कधी निघाला होता का? तू हक्क हक्क म्हणायलीस. तो मागायला तोंड उघडावं लागतंय. आम्ही तोंड उघडायची सवय करायलाव." मग बोट माझ्याकडे वळलं. "तू बोल लीडर, आज तू काय तीर मारलीस?"

"कामगार ऑफिसात निवेदन दिलं."

"कुणी वाचलं?"

"आवक-जावकचा शिक्का मारला."

"मग तो तीर नाही. तो शिक्का आहे."

बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. मी खुर्ची ओढून बसले. सांगा, काय करणार? या बाईशी वाद घालायला आधी तिला शांत बसवायला हवं, आणि ते कुणाला जमलं नाही.

तिला स्वतःला मात्र ती सुट्टी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती. लेक धर्माबादला दिलेली. काचीगुड्याहून गाडी पकडली की त्याच दिवशी जाऊन परत येता येतं. "सकाळच्या गाडीनं जायचं, नातीला आंघोळ घालायची, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. अन् कुणाला विचारायचं नाही. बस्स." नात चालायला लागली तरी अक्कानं तिला फोनवरच पाहिली होती. घरं चार-पाच. एकीनं हो म्हटलं की दुसरीकडे पाहुणे, तिसरीकडे सत्यनारायण. सुट्टी घेतली की बदली बाई बघतात आणि बदली बाई स्वस्त पडली की तीच राहते. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसेल तर आपल्या घरात विचारा.

आमच्या बऱ्याच बायका एकाच मोठ्या सोसायटीत कामाला, अक्काची घरंही तिथलीच. राहणारे बहुतेक कॉम्प्युटरवाले, काही पुण्या-मुंबईहून आलेले. त्यांतल्या एक पुण्याच्या मॅडम एका गुरुवारी आमच्या खोलीत आल्या. मनानं चांगल्या. हातात बिस्किटांचे पुडे. दोरीकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

"अय्या, किती गोड! हे तर जर्नलिंग झालं! मी पण रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिहिते. स्वतःच्या ग्रोथसाठी. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"पोळ्यांनी," अक्का म्हणाली. "पयली फुगली की दुसरी लाटावी वाटती."

मॅडमना ते फार आवडलं. "फोटो काढू का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. लोकांना कळायला हवं तुम्ही किती पॉझिटिव्ह आहात."

अक्का फुलली. खरं सांगते, मी तिला इतकं फुललेलं पाहिलं नव्हतं. चिमटे सरळ केले, वाकलेले कागद हातानं सपाट केले. "काढा की. नावं बी दिसू द्या."

फोटो काढला, टाकला. वर मॅडमनी लिहिलं, 'आपल्या मदतनीस ताईंचा सुंदर प्रवास.' आधी खाली लाल बदाम आले, मग टाळ्या. मग कुणीतरी फोटो मोठा करून वाचला. 'लिफ्टनं गेले' यावर, 'ही आमच्या विंगमधली सुनीता ना?' दुसरा कागद वाचून, 'मालकाला सांगितलं, तुमचं ताट तुम्ही उचला, हे कोणाच्या घरी?' त्या कागदाखाली अक्काचं नाव होतं, तिच्या ठसठशीत अक्षरात. मग कुणीतरी लिहिलं की यांची कुठेतरी संघटना आहे, आणि कुणीतरी लिहिलं की आजच काय ते बघा.

त्या सोसायटीत कामवाल्या बायकांना गेटवर मोबाइलमधला कोड टाकून आत जावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतानं कोड टाकला, लाल दिवा लागला. अक्कानं टाकला, लाल. वॉचमन खाली बघत म्हणाला, "अक्का, सिस्टम नै ले रा." अक्कानं पुन्हा टाकून बघितला. तिला वाटलं, आकडा चुकला असेल.

मॅडम रडत आमच्याकडे आल्या. "माझा हेतू चांगला होता हो." अक्कानं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "हेतू राहू द्या. तुमच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोला आमच्यासाठी." मॅडमनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "मी तिथे भाडेकरू आहे, अक्का. माझं कोण ऐकणार?" त्या गेल्या. बिस्किटांचे पुडे राहिले. मी ते खिडकीतून फेकायला निघाले होते, बायकांनी हातातून काढून घेतले आणि चहाबरोबर खाल्ले. बरोबरच होतं त्यांचं.

पुढच्या गुरुवारी अक्कानं बोट रोखून विचारलं खरं, पण कुणी बोलेना. आता कोण बोलणार? दोघींचं काम गेलेलं. मग यादम्मा म्हणाली, "उद्या मैं भी कोड नै मारती." तिच्या शेजारची म्हणाली, "मी पण नाही." ती कपातल्या चहावाली वयस्क बाई म्हणाली, "मला कोड टाकायला येतच नाही, वॉचमन टाकतो. उद्या त्याला नको म्हणते."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती पत्रकं लिहिली होती! एकाही पत्रकानं ते काढलं नव्हतं. पण थांबा, लगेच अक्काचंच खरं होतं म्हणून मान डोलवू नका. दोघींना हाकललं नसतं तर आणखी वर्षभर त्या लिफ्ट आणि कप लिहीत बसल्या असत्या, असं माझं मत होतं आणि आहे. तोंड उघडायची सवय नसती तर हाकलल्यावरही गप्प बसल्या असत्या, असं अक्काचं. आम्ही दोघी त्यावर भांडतच गेटपर्यंत गेलो.

बायका गेटच्या बाहेर फुटपाथवर बसल्या. रोज सकाळी यायच्या, बसायच्या, लसूण सोलायच्या, जायच्या. आतल्या गाड्या बाहेर पडताना काचा वर व्हायच्या. काही घरांनी बदली बायका आणल्या, त्याही आमच्यातल्याच कुणाच्या तरी नणंदा-भावजया निघाल्या आणि फुटपाथवर येऊन बसल्या. शेवटी असोसिएशननं बोलावणं धाडलं: चौघींनी यावं, शिकलेली एक चालेल. अक्काला मात्र आत सोडणार नाही. ती गेटवरच थांबली.

आत गेल्यावर बायका आधी खुर्च्यांवर बसल्या आणि मग सेक्रेटरी साहेब म्हणाले, "बसा." ते बोलायला लागले. आम्ही तुम्हाला घरच्यासारखं मानतो, सणाला साडी देतो, मग हे कशाला. यादम्मानं त्यांना मधेच तोडलं. हिंदीत, सावकाश, एकेक शब्द तोलून. "घर का आदमी रविवार को सोता. हम कब सोना?"

साहेबांनी एक कागद पुढे ओढला. मग घासाघीस झाली. आम्ही दर रविवार मागितला, त्यांनी महिन्यातले दोन देऊ केले. सुनीताचा कोड परत चालू. "पण त्या बाई नाहीत," साहेब म्हणाले. "त्या आल्या की वातावरण बिघडतं. हे मान्य असेल तर सही करा."

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. अक्काला फोन लावला.

"सही कर," ती गेटवरून म्हणाली.

"अक्का, तुझ्याशिवाय नाही. हे सरळ सरळ सूड आहे."

"बायकांची सुट्टी माझ्या कोडला बांधू नक्को. सही कर म्हणायले ना!"

मी केली नाही. यादम्मानं माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि आपलं नाव काढलं. तेलुगूत, हळूहळू, ओळीच्या खाली घसरत.

रस्त्यावर आल्यावर मी अक्कावर तुटून पडले. "सगळ्यांत जास्त तुला हवी होती सुट्टी! तूच उरलीस बाहेर!"

"दोन रविवार आले. लिहून ठेव."

"चार मागितले होते!"

"हौ. म्हणून दोन आम्ही लिहितो. राहिलेले दोन तू पत्रकात लिही. ते काम तुझं." आणि मोठ्यानं हसली. बायकाही हसल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही, आजही येत नाही. आंदोलन जिंकलं म्हणून आमच्यातल्याच काही लोकांनी माझं अभिनंदन केलं. कसलं अभिनंदन? लढ्याची किंमत एका बाईनं एकटीनं भरायची आणि आपण पेढे खायचे, याला जिंकणं म्हणत असतील तर मला तो शब्द नको.

तुम्हाला वाटेल, पोळ्या करणाऱ्या बाईला काय, दुसरीकडे काम मिळेल. नाही मिळालं. सोसायट्यांचे ग्रुप एकमेकांशी बोलतात. काचीगुड्यात, नल्लाकुंट्यात, सगळीकडे तिच्या नावाचा तो फोटो तिच्या आधी पोचलेला. मी कामगार ऑफिसात गेले, वकिलाकडे गेले. सगळीकडे शिक्का मिळाला. काही आठवड्यांनी अक्कानं सांगितलं की शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, उंच टॉवरांच्या वस्तीत, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे काम मिळालंय. तिथेच राहायचं. स्वयंपाक, औषधं, म्हातारीला उठवणं-बसवणं, सगळं.

"आणि सुट्टी?" मी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाला सोडून कुठं जायचं गं," ती म्हणाली, आणि पिशवीत साड्या भरत राहिली. मी तिला अडवलं नाही, कारण अडवून द्यायला माझ्याकडे दुसरं काम नव्हतं.

पहिला सुट्टीचा रविवार आला. बायका धुतलेल्या-इस्त्रीच्या साड्या नेसून, गजरे माळून स्टेशनवर जमल्या. कुठे जायचं यावर फार चर्चा झाली नाही. सुनीतानं आदल्या दिवशीच धर्माबादला फोन केला होता. सकाळच्या गाडीनं अक्काची लेक आली, कडेवर पोर. आम्ही सगळ्या दोन बस बदलून त्या टॉवरांपाशी पोचलो.

वॉचमन म्हणाला, इतक्या जणी आत नाही. लेकीला तरी सोडा म्हटलं, तर म्हणाला, वरून परवानगी नाही. फोन गेले-आले. बऱ्याच वेळानं अक्का आतल्या रस्त्यानं लगबगीनं येताना दिसली, कोपरापर्यंत पिठानं माखलेले हात. पोळ्या तव्यावर सोडून आली होती. गेटच्या आडव्या दांड्यापलीकडे ती थांबली, अलीकडे आम्ही. लेक काही बोलायच्या आत पोर कडेवरून खाली उतरली आणि दांड्याखालून सरळ आत चालत गेली. ती इतकी ठेंगणी होती की तिला वाकावंही लागलं नाही. वॉचमन "ए, ए" करत पुढे झाला. तोवर अक्कानं तिला उचललं होतं.

तिनं पोरीचं तोंड निरखलं, कान बघितले, पायाचे अंगठे बघितले. पोर या अनोळखी बाईच्या नाकातली मोरणी ओढत होती. मी पिशवीत हात घातला तशी अक्का दांड्यापलीकडून म्हणाली, "नक्को. इथं पत्रकं काढू नक्को. हे काम बी जाईल." मी हात बाहेर काढला.

मग तिचा फोन वाजला. "आले, आले," ती म्हणाली. पोरगी मोरणी सोडेना. अक्कानं तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला दांड्यावरून लेकीच्या हातात दिलं आणि आली तशीच लगबगीनं निघून गेली.

परतीच्या बसमध्ये पोर आईच्या खांद्यावर झोपून गेली. तिच्या लाल फ्रॉकवर पाठीमागे दोन हातांचे पिठाचे ठसे उमटले होते. मी मागच्या सीटवर बसले होते. काचीगुडा येईपर्यंत माझ्यासमोर तेच होतं.